रोज संध्याकाळी नेट जायचं आणि तक्रार मात्र क्लोज व्हायची – माझा अनुभव

ज्यांचं नेट ठराविक वेळेलाच जातं त्यांच्यासाठी लिहितेय. आणि सगळ्यात आधी एक गोष्ट सांगते, कारण पुढे वाचायला वेळ नसेल तरी एवढं लक्षात राहू दे: लाइनमनने नेट चालू करून दाखवल्याशिवाय त्याला ओटीपी (तक्रार बंद करायला तो मागतो तो कोड) देऊ नका. मी दिला, एकदा नाही, दोनदा दिला.

आम्ही ठाण्यात पाचपाखाडीला राहतो, चार मजली जुनी बिल्डिंग, लिफ्ट नाही, आमचं घर चौथ्या मजल्यावर म्हणजे डोक्यावर थेट गच्ची. फायबरचं कनेक्शन दोन वर्षांपूर्वी घेतलं, 100 एमबीपीएसचं, आणि मेपर्यंत खरंच काही त्रास नव्हता. माझं काम पेरोलचं, ऑफिस ऐरोलीला, आठवड्यातले तीन दिवस घरून. मुलगी दहावीला, तिचा ऑनलाइन क्लास संध्याकाळी सात ते नऊ. जून लागला आणि रोज साडेसातच्या सुमारास नेट तुटायला लागलं. पूर्ण जात नव्हतं हो, पूर्ण गेलं असतं तर बरं झालं असतं. दहा सेकंद जायचं, यायचं, पाच मिनिटं नीट चालायचं, परत जायचं. यूट्यूबवर हे कळतही नाही कारण पुढचा व्हिडिओ आधीच लोड झालेला असतो, पण ऑफिसचं व्हीपीएन (घरून ऑफिसच्या सिस्टिमला जोडणारं कनेक्शन) दहा सेकंदात तुटतं आणि मग परत लॉगिन, परत कोड, आणि उघडलेली शीट गेली ती गेलीच. महिनाअखेरीला हे किती जिवावर येतं ते हे काम करणाऱ्यांनाच कळेल. मुलीचं तर सरांनी समजावलेलं अर्धं गणितच कापलं जायचं.

पहिला संशय वायफायवर. राउटर हॉलमध्ये, टीव्हीच्या मागे ठेवलेला, तो काढून उंचावर ठेवला, लॅपटॉप 2.4 वरून 5 गिगाहर्ट्झवर घेतला, काही फरक नाही. नवऱ्याचं म्हणणं नवा राउटर घेऊ, मी म्हटलं थांब, आधी कुठे बिघडलंय ते तरी बघू. ऑफिसच्या आयटीमधल्या एका मुलाने जे सांगितलं ते सगळ्यात उपयोगी पडलं. लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडायचा म्हणजे वायफायचा प्रश्नच उरत नाही, मग कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडायच्या, एकीत पिंग (ping, म्हणजे त्या पत्त्यावरून उत्तर येतंय का ते बघणं) 192.168.1.1 आणि दुसरीत पिंग 8.8.8.8, दोन्हींच्या शेवटी स्पेस देऊन मायनस टी (-t), म्हणजे ते थांबवेपर्यंत चालू राहतं. पहिला पत्ता आपल्याच राउटरचा (तुमचा वेगळा असू शकतो, खालच्या स्टिकरवर असतो), दुसरा गूगलचा. दोन्हीकडे टाइम आउट, म्हणजे उत्तरच नाही, असं आलं तर गडबड घरातली, राउटर किंवा केबल. राउटर नीट उत्तर देतोय आणि फक्त गूगलवालं तुटतंय तर गडबड राउटरच्या पलीकडे. आमचं दुसऱ्या प्रकारचं निघालं, रोज. नवा राउटर घेतला असता तर पैसे पाण्यात गेले असते.

आता खरं दुखणं. कंपनीचं नाव घेत नाही, पण हे वाचून बऱ्याच जणांना आपलीच कंपनी वाटेल.

पहिली तक्रार केली तेव्हा फोनवरच्या मुलीने राउटर बंद करून चालू करायला सांगितला, ते मी वीस वेळा केलेलं, तरी परत केलं. मग म्हणाली तुमच्या एरियात काही प्रॉब्लेम दिसत नाहीये मॅडम, इंजिनिअर 24 तासांत येईल. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता मुलगा आला, अगदी सभ्य, नेट बघितलं तर उत्तम चालू. स्पीड टेस्ट केली, 96 आलं, मला दाखवलं, "ताई सगळं ओके आहे." मी सांगितलं अरे दुपारी असतंच ओके, संध्याकाळी ये. तो म्हणाला आमची ड्युटी दहा ते सहा. आणि ओटीपी मागितला, तो दिल्याशिवाय त्याला निघताच येत नव्हतं म्हणे. दिला. त्याच संध्याकाळी साडेसातला नेट गेलं.

दुसरी तक्रार. या वेळी कोणी आलंच नाही. फोन आला, "ताई मी खालच्या बॉक्समध्ये बघून घेतलंय, ओटीपी सांगा, काही लागलं तर उद्या येतो." मी मीटिंगमध्ये होते, घाईत सांगून टाकला. दोन मिनिटांत मेसेज, आपली तक्रार यशस्वीरीत्या सोडवण्यात आली आहे. तो मेसेज अजून फोनमध्ये आहे आणि बघितला की आजही डोकं तापतं, कारण मला नंतर कळलं की आमची लाइन त्या खालच्या बॉक्समधून येतच नाही, ती शेजारच्या बिल्डिंगवरून गच्चीत येते. दुसऱ्या मजल्यावरच्यांकडे हीच कंपनी आहे, त्यांची लाइन खालून जाते, म्हणून त्यांना काहीच त्रास नव्हता आणि म्हणूनच कंपनीला एरियात प्रॉब्लेम दिसत नव्हता.

तिसऱ्या तक्रारीला मी ओटीपी दिला नाही तर तक्रार ग्राहक उपलब्ध नाही असं लिहून बंद झाली. मी घरात होते. दिवसभर. सासूबाई पण होत्या. चौथ्याला उत्तर मिळालं की पावसामुळे होतंय, पाऊस कमी झाला की आपोआप ठीक होईल. आणि यात गंमत म्हणून नाही, खरंच सांगते, थोडं तथ्य वाटत होतं, कारण ज्या दिवशी दिवसभर पाऊस असायचा त्या दिवशी नेट दिवसाही तुटायचं. पण फायबरमधून वीज जात नाही, प्रकाश जातो, बाहेरून पाणी पडलं म्हणून काचेच्या तारेला काय होणार? जॉइंटच्या बॉक्समध्ये पाणी शिरलं तर गोष्ट वेगळी, पण मग ते साडेसातला घड्याळ लावून कसं शिरेल. हे मी फोनवर विचारलं तर मला होल्डवर टाकलं, अकरा मिनिटं.

त्यानंतर मी वहीत लिहायला लागले. तारीख, किती वाजता गेलं, किती वाजता आलं, पाऊस होता का. आणि शेजारी एक आकडा, तो कुठे मिळतो ते सांगते. राउटरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकून आत गेलं की स्टेटसमध्ये ऑप्टिकल किंवा पॉन नावाचं पान असतं, तिथे आरएक्स पॉवर दिसते, म्हणजे आपल्यापर्यंत किती प्रकाश पोचतोय. आकडा मायनसमध्ये असतो आणि जितका मोठा मायनस तितका प्रकाश कमी. माझ्याकडे दुपारी मायनस 21 आणि संध्याकाळी मायनस 28! हा आकडा डीबीत मोजतात, दर 3 डीबीला प्रकाश निम्मा होतो, म्हणजे 7 डीबी उतरला तर पाचवा हिस्सा उरला, आणि मायनस 27 च्या आसपास राउटरची पकड सुटायला लागते. राउटरवरचा लॉसचा (सिग्नल गेल्याचा) लाल लाइट लागत नव्हता कारण प्रकाश पूर्ण बंद होत नव्हता, काठावर लटकत होता. हे पान मला दुसऱ्याच दिवशी कोणी दाखवलं असतं तर काय हवं होतं. तुम्ही आजच बघून ठेवा, नेट चांगलं चालू असताना किती आकडा आहे तो लिहून ठेवा, बिघडल्यावर तुलनेला लागतो.

पाचवी तक्रार पण तशीच बंद झाली तेव्हा मी अपील केलं. हे खूप जणांना माहीत नसतं. ट्राय (फोन-इंटरनेट कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार घेत नाही, पण 2012 च्या नियमांनुसार प्रत्येक कंपनीला तक्रारीचा डॉकेट नंबर (नोंद क्रमांक) द्यावाच लागतो, आणि उत्तराने समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपिलेट ऑथॉरिटीकडे अपील करता येतं, त्याला फी नाही, आणि 39 दिवसांत निकाल द्यावा लागतो. कंपनीच्या साइटवर अगदी तळाशी बारीक अक्षरात असतं ते, शोधावं लागतं. मी पाचही डॉकेट नंबर लिहिले, वहीच्या पानांचे फोटो आणि दुपार-संध्याकाळच्या आकड्यांचे स्क्रीनशॉट जोडले, आणि एकच मागणी केली की माणूस संध्याकाळी साडेसातनंतर पाठवा. म्हणून सांगते, डॉकेट नंबरचे मेसेज डिलीट करू नका.

39 दिवस लागले नाहीत, चौथ्या दिवशी फोन आला आणि सहाव्या दिवशी रात्री आठला एक वयस्कर लाइनमन दादा आले. पहिल्यांदा कोणीतरी पॉवर मीटर घेऊन आलं होतं. हिरवं कनेक्टर काढून मीटरला लावलं, मायनस 28.4. काही न बोलता त्यांनी लाल प्रकाशाचं पेन काढलं, टॉर्चसारखं असतं, ते तारेच्या टोकाला लावलं आणि म्हणाले चला गच्चीवर. (इथे एक सांगते, ते कनेक्टर स्वतः काढून आत डोळा लावून बघू नका, लाइनमधला लेझर डोळ्याला दिसत नाही पण असतो.)

जिन्यातला दिवा त्यांनी बंद करायला लावला. आणि गच्चीच्या बंद दाराच्या फटीत, खालून साधारण वीतभर वर, लाल ठिपका चमकत होता! तार दारातूनच आत आणलेली, कनेक्शन देताना दोन वर्षांपूर्वी कोणीतरी भोक पाडायचा कंटाळा केलेला. दारात चेपून चेपून वरचं काळं आवरण फाटलेलं आणि आतली तार कडेवर दुमडली जात होती, आणि फायबर असा दुमडला की प्रकाश वळणावरच बाहेर सांडतो. दार उघडलं, मी खाली पळत जाऊन पेन काढून मीटर लावला, मायनस 21.3.

आमचे वॉचमन काका संध्याकाळी पंपाचं बघून झालं की साडेसातला गच्ची बंद करतात. पावसात जिन्यात पाणी येतं म्हणून दिवसभर बंद ठेवतात. वारा सुटला की दार हलतं. मेपर्यंत दार नीट बसतच नव्हतं, पावसाळ्याआधी सोसायटीने सुताराकडून दुरुस्त करून घेतलं, आणि त्या मीटिंगला मी स्वतः हजर होते. दहा ते सहाच्या ड्युटीत आलेल्या प्रत्येकाला दार उघडंच मिळालं. मला त्या रात्री एवढं हलकं वाटलं की जिन्यातच बसले दोन मिनिटं, आणि दादांना चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही.

बाकी काम पटकन झालं. सेक्रेटरींची परवानगी, भिंतीत भोक, पाइपातून नवी तार, तीन दिवस. ओटीपी मी पिंग दहा मिनिटं बघून मग दिला, दादा स्वतःच म्हणाले बघून घ्या.

एक राहिलं, ठाण्यात पावसाळ्यात लाइट पण जाते, राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो 12 व्होल्टचा, तो घेऊन ठेवला. घेताना राउटरच्या अॅडॉप्टरवरचा व्होल्ट आणि अॅम्पिअर बघून घ्या. आणि दीड महिन्याच्या बिलातले पैसे परत मिळावेत म्हणून त्याच अपिलाच्या नंबरवर मी परत लिहिलंय, अजून उत्तर नाही. वही चालू आहे. काल रात्री दार बंद असताना मायनस 20.9.