परतीच्या पावसात गुहागर ते रत्नागिरी, सायकलवरून

ऑक्टोबरात कोकण किनाऱ्याने सायकल चालवायची तर अख्खा दिवस दुपारच्या आभाळावर बेतावा लागतो. परतीचा पाऊस सकाळी मागमूस लागू देत नाही. आम्ही दोघं गुहागरहून उजाडताच निघालो तेव्हा गवतावर दव होतं. पालशेत मागे पडेपर्यंत घामाने टी-शर्ट पाठीला चिकटले.

या रस्त्यावर किलोमीटर मोजण्यात अर्थ नाही, चढ मोजावेत. गाव आलं की समुद्राच्या पातळीला उतरायचं, गाव संपलं की पुन्हा जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, चढायचं. वेळणेश्वर झालं, हेदवी झालं. कॅरिअरला दोन्हीकडे बॅगा लटकत असल्या की सगळ्यात हलक्या गिअरवरही मांड्या भरून येतात. हेदवीच्या दशभुजा गणपतीला खालूनच हात जोडले, कारण दुपारच्या आत तवसाळची फेरीबोट गाठायची होती.

बोटीत सायकली कठड्याला टेकवल्या आणि पहिल्यांदा पूर्वेकडे नीट पाहिलं. या दिवसांत ढग समुद्रावरून येत नाहीत. सकाळभर तापलेल्या हवेने ते सह्याद्रीवर उभे राहतात आणि दुपारनंतर किनाऱ्याकडे सरकतात. शास्त्रीच्या खाडीवर लख्ख ऊन होतं, पण घाटाच्या बाजूला आभाळ काळंनिळं झालेलं.

जयगडला उतरून चढाला लागलो आणि वीज चमकली. मी मोजायला लागलो. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. नवाच्या आतच गडगडलं. म्हणजे तीन किलोमीटरसुद्धा नाही. वर सडा उघडा, तिथे सायकलस्वारच सगळ्यात उंच. झाडाखाली थांबणं तर त्याहून वाईट.

चढावरच्या एका घरातून काकींनी हाक मारली, "सड्यावर जाऊ नका आता! आत या!"

आत जायच्या आधी त्यांच्या खळ्यातल्या भाताच्या पेंढ्या पडवीत न्यायला आम्ही हात लावला. कापलेलं भात भिजलं की दाण्याला कोंब फुटतात, वर्षाची मेहनत जाते. शेवटची पेंढी आत आली आणि सर कोसळली. आमचं फार तर वेळापत्रक बिघडणार होतं. परतीच्या पावसात खरा जीव टांगणीला लागतो तो या माणसांचा.

पाऊस थांबला म्हणून लगेच निघालो नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्यायचा, हा नियम आम्ही कटाक्षाने पाळतो. काकींनी कोरा चहा दिला, पैसे काही केल्या घेतले नाहीत.

पुढे खरी परीक्षा उताराची. चाकाच्या ओल्या रिमवर ब्रेक लगेच धरत नाही. आधी पाणी निपटलं जातं, मग पकड येते. म्हणून वळणाच्या बऱ्याच आधीपासून हलके हलके दाबत राहायचं. जांभ्याची लाल रेव ब्रेकच्या रबरात रुतून रिम खरवडते. करकर ऐकू आली की मी थांबायचो आणि सेफ्टीपिनने खडे उकरून काढायचो. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्या ओल्या झाल्या की निसरड्या होतात, त्यांच्यावर चाक अजिबात घालायचं नाही.

मालगुंड, गणपतीपुळे भराभर गेलं. आरे-वारेला पुन्हा ऊन पडलं आणि अंगावरचे कपडे अंगावरच वाळले. रत्नागिरीत अंधार पडता पडता पोचलो. जेवणाआधी साखळी पुसून तेल घातलं, कारण खारी हवा आणि पाऊस मिळून एका रात्रीत तिला गंज चढवतात. उद्या पावस गावावरून जैतापूर; सडे दुपारच्या आत संपवायचे म्हणून गजर साडेचारचा लावला.