पाणी कुठवर आलं?

परवा दुपारी मोबाइलवर निफ्टीचा, म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकाचा, चार्ट उघडला आणि त्यात निफ्टीच सापडेना. भाव पुढं कुठं जाईल ते ओळखायच्या रेघाच रेघा: बोलिंजर बँड, तीन मूव्हिंग अ‍ॅव्हरेज, हिरवा-लाल सुपरट्रेंड, खाली आरएसआय, त्याच्याही खाली एमएसीडी. भाव बिचारा त्या गर्दीत कुठंतरी, सिंहस्थात हरवलेल्या म्हाताऱ्यासारखा.

ही जमवाजमव गेल्या दोन महिन्यांतली. त्याआधी ऑप्शनमध्ये, म्हणजे भाव चढेल की पडेल यावर लावलेल्या सौद्यांत, पैसे गेले. किती, तर घरी सांगितलेल्या आकड्यापेक्षा जास्त. गेलेले परत आणायचे तर हत्यारं चांगली हवीत, असं म्हणून एक अ‍ॅप सोडून दुसरं घेतलं, मग पैसे भरून तिसरं. गणित मात्र तिन्हीकडे तेच. लाखाचे 80 हजार झाले तर परत लाख व्हायला 25 टक्के लागतात, 50 हजार झाले तर 100 टक्के. उतरताना वीस पायऱ्यांचा असलेला जिना चढताना पंचवीसचा होतो. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं 2024 साली सांगितलं की फ्युचर-ऑप्शनमध्ये तीन वर्षांत शंभरातल्या 93 जणांना तोटाच झाला. वाचून हादरायला हवं होतं. मला तर सोबत मिळाल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात ग्रुपवर फोटो आला. गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं, नाशिकच्या गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीचे गुडघे बुडालेले. पूर किती, ते गावात याच मूर्तीवरून मोजतात.

काकांचं भांडी बाजारात दुकान होतं. पावसाळ्यात धार लागली की मला पिटाळायचे, ‘‘जा रे, बघून ये, मारुती किती बुडाला.’’ मी पळत जायचो, भिजून यायचो. ‘‘कंबर’’ म्हटलं की काका गल्ल्याला कुलूप लावायचे. मग घागरी, परात, पातेली, घंगाळं सगळं हातोहात माळ्यावर. शिडीच्या मधल्या पायरीवर मी. एकदा बंबाचं झाकण हातातून सुटलं ते गल्लीभर वाजत गेलं, त्याचा पोचा शेवटपर्यंत राहिला.

बहुतेक वेळा संध्याकाळपर्यंत पाणी ओसरायचं. समोरचे दुकानदार चहा पीत म्हणायचे, ‘‘उगाच घाम गाळलात. 1969 चं पाणी बघितलंय आम्ही, हे काय पाणी!’’ काका काही बोलायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी एकेक भांडं पुसून खाली. चढवण्यापेक्षा उतरवायलाच जास्त वेळ लागायचा.

मग एका वर्षी पाणी आलं. समोरच्यांचा सगळा माल चिखलात. पुढं कितीतरी दिवस ते आणि त्यांचा मुलगा पायरीवर बसून चिंचेनं भांडी घासत होते. रोज थोडी. दुकानाला तो आंबूस वास दिवाळीपर्यंत होता.

काकांनी मारुतीच्या जोडीला दुसरं माप कधी ठेवलं नाही. माझ्याकडे पाच मापं आहेत, आणि पाचही त्याच एका भावातून काढलेली. पाच जणांचा सल्ला घेतल्यासारखं वाटतं, पण बोलतो एकाच घरातला माणूस. स्टॉपलॉस, म्हणजे भाव इथवर पडला की विकून मोकळं व्हायचं असा आकडा, मीही लावतो. भाव जवळ आला की हळूच थोडा खाली सरकवतो. म्हणजे पाणी कमरेला लागलं की मारुतीच उचलून वरच्या पायरीवर ठेवायचा.

सगळ्या रेघा काढून टाकल्या. नुसता भाव राहिला, लग्नानंतरच्या मांडवासारखा ओकाबोका. दहा मिनिटं बघवलं, मग सुपरट्रेंड परत लावला. एक असावा.

रात्री जेवताना बायकोनं विचारलं, ‘‘मारुती कुठवर बुडालाय?’’

‘‘छातीपर्यंत,’’ मी म्हणालो.

तिचा आमटीचा डाव हातातच राहिला. ‘‘दुपारच्या फोटोत तर गुडघेच होते. मी नदीचं विचारतेय.’’