पत्त्यांची वही

नीटनेटक्या माणसांशी माझं वैर नाही. पण ज्यांची कार्डं सणाच्या आधी पंधरवडाभर दारात येऊन पडतात, त्यांच्याबद्दल मनात बारीकशी अढी आहे. काल दुपारी असंच एक आलं. अक्षर सुबक, तिकीट कोपऱ्यात सरळ. लवकर आलेल्या कार्डात शुभेच्छा कमी आणि तगादा जास्त असतो. आता आपण काहीही पाठवलं तरी ती पोचपावतीच ठरणार.

जपानात याची सोय बरी आहे. नववर्षाची कार्डं, नेंगाजो, मुदतीत टाकली की टपालखातं ती राखून ठेवतं आणि 1 जानेवारीला एकगठ्ठा घरी पोचवतं. तत्पर आणि कसेबसे मुदत गाठणारे, सगळे एकाच रांगेत. ज्या घरात त्या वर्षी कुणी गेलेलं असतं ते लोक आधीच कळवतात, यंदा आमच्याकडून कार्ड येणार नाही. मग त्यांनाही कुणी पाठवत नाही.

आमच्याकडे हा सगळा कारभार आईच्या वहीत चाले. नाव, पत्ता आणि पुढे दोन रकाने: आलं, पाठवलं. रात्रीची जेवणं आटोपली की टेबल पुसून ती बसायची. मजकूर तिचा, तिकिटं माझी. वाटीत ओला स्पंज ठेवलेला असायचा, पण मी तिकिटं जिभेनंच ओली करायचे. त्या गोंदाची कडसर-गोड चव मला आवडायची, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बाबा सगळ्यात शेवटी यायचे आणि गठ्ठ्यावर धडाधड सह्या ठोकायचे.

"हे कोण गं?"

"अहो, तुमची आत्येबहीण!"

"असं होय. बरी आहे ना?"

बाबांना हेन्री कोल माहीत नव्हता, नाहीतर त्यांनी त्याचा दाखला नक्की दिला असता. 1840 साली इंग्लंडात एका पेनीत पत्र जाऊ लागलं, त्या योजनेत या कोलचा हात होता. टपाल स्वस्त झाल्यावर पत्रांचा पाऊस सुरू झाला आणि तो त्याच्याही टेबलावर पडला. 1843 च्या नाताळात उत्तरं लिहायला वेळ नाही म्हणून त्यानं जॉन हॉर्स्ली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं आणि हजारभर कार्डं छापली. वर नाव घालायचं, खाली सही करायची, सुटलो. चित्रात घरातलं लहान मूलही वाइन पिताना दिसतं, म्हणून दारूबंदीवाले खवळले ते वेगळंच. तेव्हा "नुसती सही करून पाठवलंय, मेलं" असं कुणी नाक मुरडलं, तर खुशाल मुरडू दे. ही प्रथा मुळात कामाला कंटाळलेल्या माणसाचीच आहे.

आईचा कायदा कडक होता. दोन वर्षं आलं नाही की नावावर रेघ. पण रेघ पेन्सिलीची, कारण माणसं परत येतात म्हणे. काही नावांना मात्र "आलं"चा रकाना वर्षानुवर्षं रिकामा असूनही माफी होती. एकदा मी विचारलं तर म्हणाली, "त्यांचा हात कापतो आता. लिहिणार कशा?"

सत्तरच्या दशकात फिलिप कुन्झ नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं शेकडो अनोळखी लोकांना नाताळची कार्डं पाठवून पाहिली. सुमारे 20 टक्के लोकांनी उलट कार्डं पाठवली! लोक हे हसत हसत सांगतात. मला हसता येत नाही, कारण ती वही आता माझ्याकडे आहे आणि तिच्यात एक नाव असं आहे की ते कोणाचं हे घरात कुणालाच सांगता येत नाही. नातं नाही, शेजार नाही, बाबांच्या ऑफिसातलंही नाही. आई पाठवायची म्हणून मी पाठवते. उत्तर न चुकता येतं. मी कोण हे त्यांना तरी ठाऊक असेल का, शंकाच आहे, पण आता विचारणार कसं? गेल्या खेपेला त्यांनी खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आता जिना चढता येतो. वाचून मला खरंच हायसं वाटलं.