बियाणं बोगस नव्हतं, ज्वारी दाट होती

जानेवारी संपत आलेला आणि ऑफिसला पाबळ साईडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. गावात त्यांना सगळे तात्या म्हणतात म्हणून मीही तात्याच लिहिते. अडीच एकर ज्वारी दाणे भरता भरता आडवी झाली होती आणि त्यांचं ठाम म्हणणं होतं की बियाणं बोगस निघालं. तालुक्याला तक्रार द्यायची, दुकानदाराला सोडायचं नाही, पण अर्ज देण्याआधी कुणीतरी जाणकार माणसाने एकदा बघून जावं एवढंच त्यांना हवं होतं. मी पुण्यात पीक सल्ल्याचं काम करते, ज्वारी आणि बाजरी हाच माझा विषय, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळीच हडपसरहून निघाले आणि शिक्रापूरच्या चौकातून डावीकडे पाबळ रोडला वळले.

हा शिरूर तालुक्याचा कोरडा भाग. पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाई, या गावांमध्ये पाऊस कमी आणि बऱ्याच ठिकाणी माळ, मुरमाड जमीन. खाली घोडनदीच्या काठाला ऊस दिसतो आणि इथे वर माणसं हस्ताच्या पावसाकडे डोळे लावून बसतात. रब्बी ज्वारीचं गणितच वेगळं आहे, ती पावसावर येतच नाही, पाऊस जमिनीत जो मुरलेला असतो त्याच्यावर येते. पेरल्यावर एक थेंब पडला नाही तरी चारेक महिने जमिनीतली ओल पुरवून पुरवून वापरायची असते. यंदा उत्तरा आणि हस्त चांगले झाले, तात्यांनी ऑक्टोबरच्या सुरुवातीला वापसा, म्हणजे पेरण्याजोगी ओल, बघून पेरलं, आणि त्यानंतर आभाळातून काहीच नाही.

वावरात पोचले तर बांधावर चारपाच जण आधीच उभे. तात्या हातात बियाण्याची रिकामी पिशवी आणि बिल घेऊनच आले, म्हणाले, "मॅडम, फसवलं बघा आम्हाला. डिसेंबरपर्यंत नुसती लसलसत होती, कणीस पण टाकलं, आणि पंधरा दिवसांत हे असं झालं." खरंच बघवत नव्हतं. कमरेएवढी ताटं एकमेकांवर पडलेली, पानं खालून करपलेली, कणसं हातात घेतली तर हलकी आणि दाणा चिमलेला. वाऱ्याची झुळूक आली की सगळ्या वावरातून कोरडा खडखड आवाज.

त्या आवाजावरूनच शंका आली होती. एक पडलेलं ताट उपटलं तर अलगद हातात आलं, कारण मुळं जवळपास राहिलीच नव्हती. जमिनीलगतचं दुसरं तिसरं कांडं विळ्याने उभं चिरलं. आतला भेंडाचा गर संपलेला, उरलेत ते नुसते सुटे सुटे धागे, आणि त्या धाग्यांवर काळी भुकटी. बोट फिरवलं की बोटाला कोळशाची काजळी लागावी तसं. हाच तो खडखड्या रोग. मॅक्रोफोमिना नावाची बुरशी आहे, तिचे काळे बारीक कण जमिनीत वर्षानुवर्षं पडून असतात आणि ही बुरशी शेकडो प्रकारच्या पिकांवर जगते, म्हणजे ती नाही असं कोरडवाहू वावर सापडणं अवघड. पण ती सशक्त ताटाला पाडू शकत नाही. दाणे भरताना ओल संपली की ताटाची पंचाईत होते, पानांना पुरेसं अन्न करता येत नाही, कणीस तर मागतंच असतं, मग ताट स्वतःच्या खोडातली आणि मुळातली साखर काढून दाण्याला देतं. मुळं उपाशी पडली की बुरशीला आयतं घर मिळतं. म्हणून हा रोग दिसतो दाणे भरताना, आणि ज्वारी जेवढी जोमात वाढलेली तेवढी आधी पडते, कारण तिने ओल आधीच पिऊन संपवलेली असते.

तात्यांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, म्हणजे रोगाचंच बी दिलं ना मग. प्रश्न बरोबर होता आणि त्याचं उत्तर तोंडी देऊन भागणार नव्हतं, म्हणून म्हटलं टिकाव आणा. वरच्या अंगाला खड्डा घेतला, जेमतेम फूटभर माती आणि खाली मुरूम लागला. ओढ्याकडच्या खालच्या अंगाला घेतला तर अडीच फुटांपर्यंत काळी माती. फूटभर मुरमाड जमीन पिकाला उचलता येईल असं पाणी धरते ते जेमतेम 40 मिलिमीटर, तीन फुटी काळीत तेच 150 च्या आसपास जातं. आणि पेरलेली जात कुठली, तर भारी जमिनीची, उशिरा निघणारी. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत हे सरळ लिहिलेलं असतं, हलक्या जमिनीला फुले अनुराधा, फुले माउली, मध्यमला फुले सुचित्रा किंवा आपली मालदांडी, भारीला फुले वसुधा, फुले यशोदा. पण दुकानात पिशवी घेताना तुझी जमीन किती खोल आहे रे बाबा असं कुणी विचारत नाही, आणि मला याचा खरंच राग येतो.

तरी एवढ्यावर माझं समाधान होत नव्हतं, कारण खालच्या काळीतली ज्वारीसुद्धा निम्मी पडलेली होती. तिथे अडीच फूट माती असताना ती का पडावी? म्हणून टेप काढून मोजायला लागले. एका मीटर ओळीत 12-13 ताटं, दोन ओळींत अंतर 12 इंच. शिफारस आहे 45 बाय 15 सेंटिमीटर, म्हणजे एका मीटरात 6-7 ताटं. हिशोब केला तर तात्यांच्या वावरात जवळजवळ पावणेतीनपट ताटं उभी होती. बियाणं एकरी 4 किलो पुरतं तिथे यांनी 8 किलो टाकलेलं, वर पेरणीच्या वेळी एकरी पोतंभर युरिया. का टाकलं विचारलं तर कारण साधं होतं, गेल्या वर्षी खोडमाशीने पोंगेमर होऊन, म्हणजे रोपांचे मधले पोंगे वाळून, वावर विरळ झालं होतं, आणि दाट ज्वारीचा कडबा बारीक निघतो, जनावरं आवडीने खातात, शेकडा पेंढ्यांना भावही मिळतो. दावणीला चार जनावरं असणारा माणूस असाच विचार करणार. पण खोडमाशीवर बीजप्रक्रिया, म्हणजे पेरण्याआधी बियाण्याला औषध लावणं, हा उपाय आहे, बियाणं दुप्पट करून नंतर विरळणी केली नाही तर तीच गर्दी डोक्यावर बसते.

आणि मग दिसली ती जागा, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहितेय. खालच्या अंगाला बांधालगत काही ओळी ताठ उभ्या होत्या. हिरव्या होत्या, कणीस मुठीत मावणार नाही असं, दाणा टपोरा. जवळ गेले तर लक्षात आलं की तिथे दर चौथी ओळ गायब आहे. तात्यांचा मुलगा म्हणाला, पेरताना यंत्राचा एक पाईप चोक झाला होता, दोनतीन फेऱ्या झाल्यावर ड्रायव्हरच्या लक्षात आलं, तेवढा पट्टा तसाच राहिला. मी एकेक ओळ बघत गेले. रिकाम्या ओळीच्या दोन्ही बाजूंच्या ओळी उभ्या, आणि जिच्या दोन्ही बाजूंना ज्वारीच होती ती मधली ओळ मात्र पडलेली. तीच माती, तीच पिशवी, तोच पाऊस, तोच युरिया. फरक फक्त एवढाच की शेजारी फूटभर जागा मोकळी होती आणि तिथली ओल जानेवारीपर्यंत कुणी प्यायलं नव्हतं. मी तात्यांना हात धरून त्या ओळीत उभं केलं आणि म्हटलं आता बियाण्याला बोगस कसं म्हणायचं ते सांगा. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग हातातली पिशवी घडी करून खिशात ठेवली.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या कोरडवाहू पट्ट्यात ज्वारी मुद्दाम ओळ सोडून पेरतात, ते ह्याच कारणासाठी. मधली ओल मुळांना उशिरा सापडते, नेमकी दाणे भरताना. पाऊस खूप झाला तर त्यात उत्पन्न थोडं मार खातं हे खरं, पण कोरड्या वर्षी पीक हातात राहतं.

आणि लांब कशाला जायचं, पुण्यातच मांजरीला 1923 साली कोरडवाहू शेतीवर पद्धतशीर संशोधन सुरू झालं, पुढे 1933 ला सोलापूर आणि विजापूरला केंद्रं निघाली, आणि त्यातून जी मुंबई पद्धत म्हणून ओळखली गेली तिच्यात बांधबंदिस्ती, शेणखत, वारंवार कोळपणी (ओळींमधली वरची माती हलवून तण काढणं) आणि त्याच्याच बरोबरीने कमी बियाणं, 18 इंची ओळी हे होतं. मी येताना त्याच मांजरीवरून आले होते. शंभर वर्षं झाली या गोष्टीला आणि आपण ट्रॅक्टरवाल्याला यंत्र किती इंचावर लावलंयस हे विचारत नाही.

तात्यांची आई ओट्यावर बसून सगळं ऐकत होती. म्हणाली, "आमच्या टायमाला पाभरीनं हातभर अंतरावर पेरायचे, मधनं कोळपं फिरायचं. आता कोळपं जाणार कुठनं?" हातभर म्हणजे 18 इंचच की. आणि कोळप्याचं तर तिने नेमकं धरलं, 12 इंचाच्या दाटीत बैलाचं कोळपं फिरवणं अवघड, म्हणून तणनाशक मारलं आणि एकही कोळपणी झाली नाही. खालच्या काळीत बोट जाईल एवढ्या भेगा पडलेल्या, कोळपणीने त्या बुजल्या असत्या, आता त्यातनं ओल रोज उडून जात होती. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी असं म्हणतात ते उगाच नाही.

तक्रारीचा अर्ज दिला नाही. बांधावरचा एक जण माझ्यावर चिडला, म्हणाला तुम्ही दुकानदाराची बाजू घेता. मी म्हटलं दुकानदाराने जमीन न विचारता पिशवी दिली ही त्याची चूक आहेच आणि ते मी त्याला तोंडावर सांगेन, पण बोगस बियाण्याचा अर्ज टाकला तर पाहणीत बियाणं चांगलंच निघणार आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या पिशवीची ज्वारी अशीच पडणार. तात्यांना सांगितलं की आता फवारणीचा काही उपयोग नाही, पैसे घालवू नका, पडलेली आधी काढा, धसकटं वेचून बाहेर टाका. वरच्या फूटभर जमिनीत पुढे रब्बी ज्वारीच्या नादी न लागता खरिपात बाजरी घ्या. खाली 18 इंचावर, एकरी 4 किलो, युरिया माती तपासूनच.

तुमची ज्वारी सध्या दाण्यात असेल आणि खालची पानं करपायला लागली असतील तर उद्या सकाळी वावरात जाऊन वेगवेगळ्या जागची वीसएक ताटं बघा, जमिनीलगतचं कांडं अंगठा आणि बोटात धरून दाबायचं. टणक लागलं तर काळजी नाही. तीनचार जरी मऊ लागली तरी पूर्ण वाळायची वाट बघू नका, दाणा कडक झाला असेल तर लगेच काढणीला लागा, कारण उभं ताट कापायला जी मजुरी लागते तिच्या दुप्पट पडलेलं वेचायला लागते, आणि मातीत पडलेला कडबा काळा पडतो तो वेगळाच.