चित्रातली बॅग

महिला मंडळात पाहुणे बोलवायचे म्हटलं की आमची गाडी गुडघेदुखी, गुंतवणूक आणि ताणतणाव या तीन स्टेशनांच्या पुढे सहसा जात नाही. यंदा कुणीतरी मुलांसाठी लिहिणाऱ्या, आपल्या पुस्तकांची चित्रं स्वतःच काढणाऱ्या बाईंचं नाव सुचवलं. त्यावर बैठकीत पहिला प्रश्न आला, "अहो, पण मुलं कुठून आणायची?" नेमक्या परीक्षा चालू होत्या. त्यामुळे मुलं मिळाली नाहीत आणि कार्यक्रम आमच्याच वाट्याला आला. बरं झालं.

परिचय लांबला. तो लांबतोच. पुस्तकं झाली, बक्षिसं झाली आणि अगदी शेवटी, कागद घडी करता करता, "त्या चित्रंही काढतात." चित्राचा नंबर मागे लागतो तो काही फक्त आमच्या मंडळात नव्हे म्हणा. हान्स ख्रिश्चन अँडरसनच्या नावाचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार बालसाहित्यात केवढा मानाचा! तो लेखकांना 1956पासून मिळू लागला. चित्रकारांची आठवण व्हायला 1966 उजाडलं.

पाहुण्यांनी भाषण केलंच नाही. पिशवीतून स्टेपल मारलेली एक चोपडी काढली. ही म्हणे पुस्तकाची डमी. आत पेन्सिलीची कच्ची चित्रं, मजकुराच्या जागी चिकटवलेल्या कागदी पट्ट्या, खाडाखोड. चित्रांची पुस्तकं बहुतेक वेळा 32 पानांचीच का असतात, ते त्यांनी एका कागदाला घड्या घालून दाखवलं. मोठा कागद दोन्हीकडून छापायचा, तीनदा दुमडायचा, कडा कापायच्या, की झाला 16 पानांचा फर्मा. असे दोन फर्मे म्हणजे पुस्तक. गोष्ट केवढीही सुचो, तेवढ्यातच बसवायची. एका पुस्तकात त्यांनी मांजर जोडपानाच्या बरोब्बर मधोमध काढलं आणि त्याचं नाक बांधणीत गेलं. हे सांगताना त्यांना अजूनही राग येत होता.

मग त्यांनी आपलं नवं पुस्तक उघडून सगळ्यांना दिसेल असं धरलं आणि एक पान वाचलं. "बाबा कामाला गेले. संध्याकाळी येतील." एवढंच. आम्ही माना डोलावल्या आणि पान उलटायची वाट बघत बसलो. पहिल्या रांगेत आमच्या एक काकू होत्या. चष्मा घरी राहिलेला, त्यामुळे अक्षरांच्या भानगडीत न पडता त्या चित्रच बघत होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "संध्याकाळी कसला येतोय? बॅग घेऊन गेलाय तो!"

सगळ्या हसलो. मग पाहुण्यांनी दोन पानं मागे जाऊन दाखवलं. कपाटावर तपकिरी बॅग होती. पुढच्या चित्रात कपाट तेच, बॅग नाही. तिच्या जागी धुळीत उरलेला स्वच्छ चौकोन. हसू आपोआप थांबलं. बाबा बॅग घेऊन गेले, हे वाक्य पुस्तकात कुठेही लिहिलेलं नाही, आणि लिहायचंही नाही, असं पाहुण्या म्हणाल्या. चित्र जे सांगतंय ते शब्दांनी पुन्हा सांगितलं तर पान वाया जातं. आणि पानं मोजकीच.

आपण मोठी माणसं चित्रांचं पुस्तक फार भरभर वाचतो. दोन ओळी संपल्या की बोट पानाच्या कोपऱ्यावर. मूल "थांब ना" म्हणतं, ते आपल्याला झोप लांबवायचं निमित्त वाटतं. वाचता न येणारं मूल चित्राशी जास्त वेळ थांबतं, आणि बॅग त्यालाच आधी दिसते.

प्रश्नोत्तरांत तात्पर्याची चौकशी झालीच. नातवाचं अक्षर कसं सुधारावं, हेही विचारून झालं. खरा वाद जिन्यात रंगला. "लहान मुलांना असलं कशाला दाखवायचं? घर सोडून गेलेला बाप?" एक बाई चांगल्याच तापल्या होत्या. मला ते पटलं नाही. ज्या घरातली बॅग गेली आहे, तिथल्या मुलाला ते माहीत असतंच. पुस्तकात दिसलं तर निदान कुणाला तरी बोट ठेवून दाखवता येईल. काकूंचं म्हणणं तिसरंच होतं: "शेवटी तो परत येतो का, ते आधी बघा आणि मग भांडा."

मंडळाने पुस्तकाची एक प्रत घेतली होती. ती पहिल्यांदा घरी नेली त्या तापलेल्या बाईंनीच, आणि दोनदा आठवण करूनही त्यांनी ती अजून परत केलेली नाही.