पडक्या इगर्जीतला शिंपला

स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, असा निरोप आला. शाळेनं आम्हाला घडवलं वगैरे बाकीचे लिहितीलच, आणि ते खरंही आहे. मी आपला शाळा चुकवली त्या दिवसाबद्दल लिहितो.

साल १९८५. कन्नडसक्तीविरोधी आंदोलनाच्या आदलं वर्ष. मी नववीत. दिवाळी होऊन सुगी लागलेली, त्यामुळं अर्धा वर्ग भातकापणीला. उरलेल्यांतले आम्ही तिघं दप्तरं गवताच्या गंजीत लपवून रानाकडं निघालो. वाटेत मोळी घेऊन येणाऱ्या एका मामांनी हटकलं, "खट्टे चाल्लासा गा?" म्हटलं, गुरं बघायला. तिघांपैकी कुणाचीच गुरं त्या बाजूला चरत नव्हती, हे त्यांना आमच्याइतकंच माहीत होतं.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याचं पश्चिमेकडचं रान ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. किंदळ, जांभूळ, करवंदीच्या जाळ्या, आणि कुठल्या जाळीतून अस्वल उठेल याचा नेम नाही. पडकी इगर्ज, म्हणजे चर्च, त्या रानात आहे हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पण गेलेलं कुणी नव्हतं. तिथं पाद्र्याचं भूत दिवाबत्ती करतं म्हणे. भूत राहू दे, आम्हाला आत शिरायला दारच सापडेना. वेलींनी सगळा दर्शनी भाग गिळला होता. शेवटी बाजूच्या भिंतीला पडलेल्या भगदाडातून घुसलो.

आत डोक्यावर आभाळ. छप्पर कधीच बसलेलं, कौलांचा खच पायाखाली. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, आणि एका भिंतीत वडानं मुळ्या अशा रोवलेल्या की भिंत झाडाला धरून आहे की झाड भिंतीला, कळू नये. पुढच्या बाजूला वेदीचा चौथरा, त्यामागं रिकामा कोनाडा. दाराशी एक दगडी वाडगं, त्यात पावसाचं पाणी आणि बेडकाची पिल्लं. आणि उजव्या हाताला एकच खिडकी धड. तिच्या लाकडी चौकटीत काचेऐवजी शिंपले बसवलेले. पातळ, चौकोनी कापलेले. त्यांतून येणारं ऊन दुधात बुडवून काढल्यासारखं दिसत होतं. एवढं मी डोळे भरून पाहिलं. मग खिशातून बेचकी काढली.

का काढली, ते आजही सांगता येत नाही. पोरांनी "बघू, लागतंय का" म्हटलं असेल. लागलं. चांगलं सहा-सात वेळा लागलं.

मोळीवाले मामा संध्याकाळी थेट सरांच्या घरी. आमचे सर मराठी आणि इतिहास शिकवायचे. दुसऱ्या दिवशी छडीची वाट बघत उभे राहिलो, तर म्हणाले, "जे पाहिलं ते दोन पानं लिहून आणा." मी शिंपल्यांच्या खिडकीबद्दल पान भरून लिहिलं. बेचकीबद्दल अर्थातच नाही. रविवारी सर सगळ्या वर्गाला घेऊन तिकडं निघाले. कोयता, दोरी, मोजपट्टी, पतंगाचे कागद, कोळसा.

त्या दिवशी मी जेवढा इतिहास शिकलो तेवढा पुस्तकातून शिकलो नाही. एका पोरानं कौल उचललं. पाठीवर इंग्रजीत उठवलेलं: बासेल मिशन टाइल वर्क्स, मंगळूर, १८६५. "सर, इगर्ज १८६५ ची!" सर हसले. म्हणाले, ते साल कारखाना निघाल्याचं, कौल भाजल्याचं नव्हे. आगपेटीवरच्या सालात आगपेटी बनली असं समजू नये. मग विचारलं, मंगळूरचं कौल इथं आलं कसं? गलबतानं गोव्यापर्यंत, पुढं घाट. तो बैलगाडीनं चढलं की रेल्वेनं? मार्मागोव्याहून कॅसलरॉकपर्यंतची लाइन झाली ती १८८० च्या दशकात. तेवढ्यात त्यांचं लक्ष मागच्या भिंतीकडं गेलं. कौलांच्या खुणेखाली हातभर आणखी एक तिरपी खूण होती, जुन्या छपराची. "छप्पर नंतरचं, भिंती आधीच्या. किती आधीच्या, ते भिंत सांगत नाही. तर आपणही सांगायचं नाही."

कोनाड्यातून वटवाघळं उठली तशा मुली किंचाळल्या. सरांनी लगेच भीमगडाजवळच्या बारापेडे गुहेतल्या वटवाघळाची गोष्ट काढली, जे तोवर जगात दुसरीकडं कुठं सापडलं नव्हतं. त्यांना विषय बदलायला निमित्तच लागायचं.

जमिनीत एक थडग्याचा दगड निघाला. सरांनी कागद अंथरून वर कोळसा फिरवला तशी दोन शब्दांपुरती अक्षरं उमटली. आम्ही "आक्वी जाझ" असं वाचलं. पुढचं नाव पायांनी झिजून गेलेलं. तो कागद घेऊन सर लोंढ्याला एका निवृत्त, मूळ गोव्याच्या रेल्वे गार्डकडं गेले. ते पोर्तुगीज निघालं: इथे विसावला आहे. कोण, ते नाही. आमच्या वर्गातल्या ख्रिस्ती मुलाच्या आजीनं एवढंच सांगितलं की हिवतापानं तिथली वस्ती उठली, घंटा आणि मूर्ती नंदगडाकडं नेल्या, पण ३ मेला खुरसाच्या, म्हणजे क्रुसाच्या, सणाला तिची आई तिथं मेणबत्ती लावून यायची.

आता खिडकी. सर तिथं बराच वेळ उभे होते. चौकटीत घरं तेवढी, शिंपले खाली. त्यांनी एक तुकडा उचलून कडेवरून अंगठा फिरवला. "धार ताजी आहे," एवढंच म्हणाले आणि तुकडा रुमालात बांधला. माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनात आमच्या वर्गाचं टेबल होतं. कौल, कोळशाचा कागद, चिऱ्याचा ढलपा आणि तो शिंपला. चिठ्ठ्या लिहायला सरांनी मला बसवलं, अक्षर बरं म्हणून. शिंपल्याची चिठ्ठी त्यांनी स्वतः सांगितली. "खिडकीचा शिंपला. पडकी इगर्ज." मग थांबले. "पुढं लिही, फुटलेला. की फोडलेला? व्याकरण झालंय ना तुमचं? नीट विचार करून लिही." आणि पलीकडच्या टेबलाकडं निघून गेले.

मी फुटलेला लिहिलं.

सर आता नाहीत. प्रदर्शनातल्या वस्तू नंतर इतिहासाच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात गेल्या होत्या, खालच्या फळीवर, डावीकडं. ते कपाट अजून असेल आणि चिठ्ठीला वाळवी लागली नसेल, तर सध्याच्या इतिहास शिक्षकांना विनंती आहे की तेवढा एक शब्द खोडून शेजारी दुरुस्त करावा. खाली माझं नाव घातलं तरी चालेल.