तुम्ही विचारलंत म्हणून: प्लॅनरची एक्सेल शीट का सुटत नाही?

कारखान्यांसाठी उत्पादन-नियोजनाच्या सॉफ्टवेअर प्रणाली बांधण्याचे काम मी करते असे कळले की समोरची व्यक्ती बहुधा एकच प्रश्न विचारते. विचारणारा कारखान्याचा मालक असेल तर त्यात तक्रार असते, अभियांत्रिकीचा विद्यार्थी असेल तर कुतूहल असते, पण प्रश्न तोच असतो: एवढा खर्च करून शेड्यूलिंगची प्रणाली बसवली, ती काही मिनिटांत आठवड्याचे वेळापत्रक काढून देते, तरीही पीपीसी (उत्पादन नियोजन व नियंत्रण) विभागातला प्लॅनर सकाळी आल्याबरोबर स्वतःची जुनी एक्सेल शीट का उघडतो? उत्तरही विचारणाऱ्याने मनात धरलेले असते, ते म्हणजे माणसाची सवय सुटत नाही. बरीच वर्षे माझीही हीच समजूत होती. आता मला वाटते की दोष सवयीचा क्वचितच असतो. प्रणाली बांधताना आम्ही जे विचारलेलेच नसते, ते त्या शीटमध्ये असते.

हे मला कळले ते वितळलेले प्लास्टिक साच्यात दाबून सुटे भाग तयार करणाऱ्या, म्हणजे इंजेक्शन मोल्डिंगच्या, एका कारखान्यात. आमची प्रणाली चालू होऊन तिसरा महिना लागला होता आणि तिथला प्लॅनर तिच्यातून निघालेले वेळापत्रक रोज शीटमध्ये उतरवून घेऊन बदलत असे. एके दिवशी मी त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. शीटमध्ये ऑर्डर, साच्याचा क्रमांक, मशीन आणि नगसंख्या असे नेहमीचे स्तंभ होते. मात्र काही ओळी पिवळ्या रंगाने भरलेल्या होत्या आणि त्या नेहमी जोडीने येत होत्या. पिवळ्याचा अर्थ विचारल्यावर तो म्हणाला, "या दोन साच्यांना इन्सर्ट एकच आहे. एक चालू असताना दुसरा लावता येत नाही." आमच्या डेटाबेसमध्ये मशीन होते, साचा होता, कच्चा माल होता, ऑपरेटरही होता, दोन साच्यांत आळीपाळीने बसवला जाणारा तो मुठीएवढा पोलादी तुकडा मात्र कुठेच नव्हता. त्यामुळे दोन्ही साचे एकाच पाळीत दोन मशीनवर लावण्यात प्रणालीला काहीच गैर दिसत नव्हते. हे आधी का सांगितले नाही, असे मी जरा घुश्श्यातच विचारले. त्यावर तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुम्ही साच्यांची यादी मागितली होती, ती मी दिली."

या उत्तरावर मला प्रत्युत्तर सुचले नाही, आणि खरे तर ते असूही शकत नव्हते. नियोजनाच्या सॉफ्टवेअरचा इतिहासच कारखान्याचे सोयीपुरते चित्र काढण्याचा आहे. जोसेफ ऑर्लिकी यांनी १९६० च्या दशकात मांडलेली एमआरपी (मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंग, म्हणजे लागणाऱ्या मालाचे नियोजन) ही पद्धत आजही बहुतेक ईआरपी प्रणालींच्या, म्हणजे कंपनीचा सारा कारभार एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, पोटात आहे. तिचे गणित मागे मागे जाणारे असते: गुरुवारी ५०० नग हवे आहेत, जोडणीला दोन दिवस लागतात म्हणून भाग मंगळवारी तयार हवेत, मोल्डिंगला तीन दिवस लागतात म्हणून काम शनिवारी सुरू व्हावे. यातली मेख त्या 'तीन दिवसां'त आहे. मशीनपुढे एक काम वाट पाहत असो वा अकरा, या गणितात तीन दिवस तीनच राहतात, कारण मशीनची क्षमता अमर्याद आहे असे गृहीत धरलेले असते. त्या काळच्या संगणकांची ताकद पाहता ही तडजोड शहाणपणाची होती, आणि किती माल केव्हा मागवायचा या प्रश्नाला ती आजही उपयोगी पडते. पण कोणत्या मशीनवर आधी काय लावायचे, हे ती सांगत नाही. ते सांगण्याचे काम प्लॅनरकडे आले आणि त्याने त्यासाठी शीट बनवली.

क्षमतेची मर्यादा धरून वेळापत्रक करायला गेले की गणित झपाट्याने हाताबाहेर जाते. एकाच मशीनवरची १० कामे ३६,२८,८०० क्रमांनी लावता येतात आणि २० कामांसाठी हा आकडा १९ अंकी होतो. दोन मशीनपुरता सुटसुटीत नियम एस. एम. जॉन्सन यांनी १९५४ मध्ये दिला होता. तिसरे मशीन आले की तो सर्वसाधारणपणे लागू पडत नाही. फिशर आणि थॉम्पसन यांनी १९६३ मध्ये १० कामे आणि १० मशीन यांचे एक कोडे प्रसिद्ध केले. सगळी कामे कमीत कमी किती वेळात संपतील, याचे सर्वोत्तम उत्तर ९३० एकके आहे, हे कार्लिए आणि पिन्सों यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात सिद्ध केले, म्हणजे १०० टप्प्यांच्या एका वेळापत्रकाचा निकाल लागायला सुमारे पाव शतक गेले. आमच्या क्षेत्रातल्या लोकांना हा किस्सा सांगायला फार आवडतो. मीही तो व्याख्यानांत बऱ्याचदा सांगितला आहे, पण त्याने ऐकणाऱ्याची थोडी दिशाभूल होते असे आता वाटते, कारण सारी अडचण गणिताची आहे असा त्यातून समज होतो. कारखान्याला सर्वोत्तम उत्तर लागत नाही. मंगळवारी दुपारीसुद्धा खरे वाटेल असे उत्तर त्याला हवे असते.

माझ्या पहिल्या मोठ्या प्रणालीत मी नेमकी इथेच चुकले. काहीही घडले की संपूर्ण आठवड्याचे वेळापत्रक पुन्हा नव्याने काढावे, अशी तिची रचना होती आणि मला तिचा अभिमान होता. एका सोमवारी एका मशीनचा हायड्रॉलिक होज फुटला आणि ते पाऊण तास बंद पडले. प्रणालीने तत्परतेने नवे वेळापत्रक काढले. आठवड्याच्या एकूण वेळेत त्याने थोडी बचत होत होती, पण त्यासाठी निम्म्याहून अधिक मशीनवरील कामांचा क्रम बदलला होता. दरम्यान एका मशीनवर पुढचा साचा चढवून तापवायला लावलेला होता. नायलॉनचे दाणे हवेतला ओलावा शोषतात, म्हणून मोल्डिंगपूर्वी ते काही तास ड्रायरमध्ये ठेवावे लागतात. त्या दिवशी दाणे वाळून तयार झाले आणि त्यांचे काम मात्र प्रणालीने गुरुवारवर ढकलले. पाळीच्या सुपरवायझरने पडद्याकडे एकदा पाहिले, खिशातून सकाळचा छापील कागद काढला आणि त्यावरूनच काम चालू ठेवले. त्यानंतर त्या विभागात कोणी पडदा उघडत नसे. या दोषाला आमच्या व्यवसायात वेळापत्रकाचा 'नर्व्हसनेस' म्हणतात. नाव समर्पक आहे, फक्त नर्व्हस वेळापत्रक नसते, त्याच्या भरवशावर बसलेली माणसे असतात.

तेव्हापासून मी पुढच्या एक-दोन पाळ्या गोठवून ठेवते. तिथला क्रम माणसाने हाताने बदलला तरच बदलतो. त्यापलीकडच्या काळातही क्रम बदलण्याला गणितात दंड लावलेला असतो, म्हणजे किरकोळ बचतीसाठी प्रणाली सगळे उलथेपालथे करत नाही. हा दंड किती असावा याचे सूत्र माझ्याकडे नाही. तो प्रत्येक कारखान्यात चाचपडत ठरवावा लागतो.

शीटमध्ये पिवळ्या ओळींइतकेच बोलके असतात ते रिकामे चौकोन. त्याच मोल्डिंगच्या कारखान्यात प्लॅनर दर बुधवारी आणि शुक्रवारी मोठ्या मशीनवर काही तास मोकळे सोडत असे आणि प्रणाली ते निष्ठेने भरून टाकत असे. मशीन ९५ टक्के भरलेले दिसले की मालक खूश होतात. पण रांगेच्या सर्वांत साध्या गणिती प्रारूपात मशीन ८० टक्के व्यग्र असेल तर कामाला सरासरी स्वतःच्या प्रक्रियावेळेच्या ४ पट वाट पाहावी लागते, ९० टक्क्यांना ९ पट आणि ९५ टक्क्यांना १९ पट. प्रत्यक्षातले आकडे यापेक्षा वेगळे येतात, मात्र चढण अशीच असते. प्लॅनरने हे सूत्र पाहिलेले नव्हते. बुधवारी काहीतरी तातडीचे येतेच, एवढा अनुभव त्याला पुरेसा होता.

वेळांच्या आकड्यांबद्दल थोडे सांगायलाच हवे, कारण तिथे सर्वाधिक घोळ होतो. ईआरपीतला सायकल टाइम, म्हणजे मशीनच्या एका फेरीला लागणारा वेळ, पुष्कळदा कॉस्टिंगसाठी ठरवलेला असतो, वेळापत्रकासाठी नव्हे, आणि तो वर्षानुवर्षे कोणी तपासलेला नसतो. सेटअपची, म्हणजे मशीन पुढच्या कामासाठी तयार करण्याची, वेळ तर एका साच्याची नसतेच. ती आधीचे काम आणि नंतरचे काम यांच्या जोडीची असते. पांढऱ्या मालानंतर काळा माल घेतला तर बॅरल (प्लास्टिक वितळवणारी नळी) थोड्या वेळात साफ होते, काळ्यानंतर पांढरा घेतला तर काळे ठिपके जाईपर्यंत माल टाकून देत बसावे लागते. अशा ठिकाणी 'सरासरी सेटअप ४५ मिनिटे' असे लिहिले की दोन्ही बाजूंनी चूक होते. आणि रात्रपाळी मध्यरात्र ओलांडते, तेव्हा तिचे उत्पादन कोणत्या तारखेचे धरायचे, यावर मी जेवढ्या बैठका केल्या आहेत तेवढ्या कोणत्याही अल्गोरिदमवर केलेल्या नाहीत.

म्हणून आता नव्या कारखान्यात गेले की मी प्रक्रियांचे तक्ते मागण्याआधी प्लॅनरची शीट मागते, आणि तिच्यातला प्रत्येक रंग, प्रत्येक खूण आणि प्रत्येक रिकामी जागा त्याच्याकडून समजून घेते. वाटून वापरल्या जाणाऱ्या वस्तूची बंधने प्लॅनरला स्वतः, प्रोग्रामरची वाट न पाहता, नोंदवता यावीत अशी सोय मी प्रणालीत ठेवते. त्याने एखादे काम ओढून पुढे घेतले तर प्रणाली त्याला अडवत नाही. त्या बदलामुळे कोणती कामे किती तासांनी मागे पडतील एवढे लगेच दाखवते. निर्णय त्याचा असतो. ग्राहकाचा फोन त्याने घेतलेला असतो, प्रणालीने नव्हे.

इन्सर्टचा धडा देणाऱ्या त्या प्लॅनरकडे मी नुकतीच पुन्हा गेले होते. पिवळ्या ओळी आता प्रणालीत आल्या आहेत आणि शीट बरीच लहान झाली आहे, पण बंद झालेली नाही. तिच्यात 'प' एवढेच शीर्षक असलेला एक नवा स्तंभ दिसला. 'प' म्हणजे पाणी. उन्हाळ्याच्या दुपारी एकाच चिलरवर तीन मोठे साचे चालले तर थंड पाणी पुरत नाही, साचे निवायला वेळ लागतो आणि सायकल टाइम वाढतो, म्हणून तो तिसरा मोठा साचा संध्याकाळच्या पाळीत टाकतो. मी त्या स्तंभाची प्रत घेऊन आले आहे. एका साच्याला किती थंडावा लागतो हे कोणत्या एककात साठवायचे आणि ते मोजायचे कोणी, यावर सध्या आमची चर्चा चालू आहे, आणि ती संपेपर्यंत 'प' शीटमध्येच राहणार आहे.